अध्यक्षांचा फोटो आणि शमीम बाजी

"यातलं काय आवडत नाई तुम्हाले?"

शमीम बाजींनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नुकताच शाळेतून निवृत्त झालो होतो. देऊळगाव राजाच्या आमच्या सार्वजनिक वाचनालयात संगणक आले आहेत आणि त्यावर जगभरचे पेपर वाचता येतात, असं कळल्यामुळे गेलो होतो. बाजी तिथल्या ग्रंथपाल. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्क्रीन चालू केली आणि हा प्रश्न टाकला. समोर निळी पार्श्वभूमी होती, खाली एक पट्टी होती आणि पट्टीवर बारीक चित्रं होती. मी म्हणालो, "ठीक आहे की सगळं."

"कोनासाठी ठीक हाये?"

जन्मभर इतिहास शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न स्वतःला सुचायला हवा होता. मी पुन्हा पाहिलं. अक्षरं बारीक होती. निळा रंग डोळ्यांत टोचत होता. माऊसचा बाण तर एवढासा, की तो कुठे गेला हे शोधण्यातच माझा जीव मेटाकुटीला येत होता. मी हे सगळं भीत भीत सांगितलं, कारण सरकारी किंवा अर्धसरकारी वस्तूबद्दल तक्रार करताना आपण भितोच. बाजी म्हणाल्या, "मंग बदला."

त्यांनी स्वतः हात लावला नाही. माझ्यामागे उभ्या राहून, "तिकडं नाई, त्याच्या बाजूले", एवढंच सांगत राहिल्या. अर्धा तास गेला आणि पेपर वाचायचा राहून गेला. "उद्या या," त्या म्हणाल्या. "आज मांडलं तसंच सापडन."

तो त्यांचा नियमच होता. नव्या सदस्याने निदान एक गोष्ट स्वतःच्या हाताने बदलल्याशिवाय त्याला मशिन वापरता येत नसे. रंग बदला, पट्टी वर न्या, कडेला न्या, काढूनच टाका, पण काहीतरी करा. आहे ते तसंच राहू द्या म्हणणाऱ्यांवर त्या चिडत. एकदा एका तरण्याबांड पोराला म्हणाल्या, "सासरी आला का बे? मुकाट्यानं बसला ते?"

शमीम बाजी मूळच्या मोताळ्याकडच्या, धामणगाव बढ्याच्या. आमचं गाव जालन्याला लागून, त्यामुळे आमची बोली अर्धी मराठवाड्याकडे कललेली. बाजींचं बोलणं शुद्ध घाटाखालचं, वऱ्हाडी. लग्न होऊन इकडे आल्या, पण 'मले-तुले' त्यांनी सोडलं नाही. कोणी मॅडम म्हटलं तर, "मॅडम शाळेत असते", असं म्हणून बाजी, म्हणजे ताई, म्हणवून घेत. डोक्यावर ओढणी, दाढेखाली लवंग आणि उजव्या मनगटावर पुरुषी घड्याळ. घड्याळ उजव्या मनगटावर, कारण त्या डावखुऱ्या. लहानपणी शिकवणाऱ्या उस्तानीने त्यांचा डावा हात रुमालाने पाठीशी बांधून ठेवला होता, म्हणे. उजव्या हाताने लिहायला त्या शिकल्या आणि हात सुटल्या दिवशी पुन्हा डाव्या हाताने लिहायला लागल्या. जेवण मात्र कटाक्षाने उजव्या हाताने. मी एकदा हटकलं, तर म्हणाल्या, "जेवन उजव्या हातानं करा असं धर्मानं सांगतलं. माऊस कोनत्या हातात धरा, हे कोनी सांगतलं?"

त्यांच्या टेबलावरचा माऊस अर्थातच डावीकडे असे आणि त्याची बटणंही त्यांनी उलटी करून घेतली होती. चुकून कोणी त्यावर हात टाकला तर भलतंच काहीतरी उघडे आणि बाजी आनंदाने पाहत राहत.

या मशिनी कुठून आल्या, तेही सांगायला हवं. एका बँकेने आपले जुने चार संगणक वाचनालयाला दिले होते. देणगी देण्याचा समारंभ झाला, हार झाले, फोटो झाले. पाहुणे गेल्यावर मशिनी सुरू केल्या, तर प्रत्येकीची स्क्रीन काळी होई आणि 'तुमची प्रत अस्सल नाही' असा मजकूर येई. दुरुस्तीवाला म्हणाला, काढलेली कॉपी टाकून देतो, सगळीकडे तीच चालते. बाजी म्हणाल्या, "चोरीचं पुस्तक आपन कपाटात ठेवतो का?" तो हसला. बाजी हसल्या नाहीत.

जालन्याच्या एका तंत्रनिकेतनात त्यांच्या ओळखीच्या बाई शिकवत. त्यांच्याकडून त्या लिनक्स या संगणक-प्रणालीची डिस्क घेऊन आल्या. ही प्रणाली फुकट मिळते, हे त्यांना विशेष वाटलं नाही. ती कोणीही उघडून बघावी, बदलावी आणि बदललेली पुन्हा दुसऱ्याला द्यावी, असं तिच्या परवान्यातच लिहिलेलं आहे, हे कळल्यावर मात्र त्या खुर्चीत सरळ बसल्या असणार. पहिल्याच प्रयत्नात त्यांनी ज्या मशिनीवर पुस्तकांची सगळी यादी चढवलेली होती, तीच पुसून टाकली. पुसताना मशिनने दोनदा विचारलं होतं, पुसू का म्हणून. बाजी दोन्ही वेळा हो म्हणाल्या. कार्यकारी मंडळासमोर जाऊन त्यांनी सांगितलं, "यादी गेली. माह्या हातानं गेली. पुन्हा लिहून काढते." आणि लिहून काढली. मी जाऊ लागलो तेव्हाही ते काम चालू होतं; पावसाळाभर कपाटांसमोर स्टूल टाकून बसलेलं मी त्यांना पाहिलं आहे. त्यांनी दुरुस्तीवाल्याला दोष दिला नाही, मशिनलाही नाही. मंडळातल्या लोकांना ही पद्धत नवीन होती.

मग हळूहळू त्या चार मशिनींवर एक वेगळंच गाव वसलं. आपलं नाव टाकायचं, पासवर्ड टाकायचा, की आपण काल मांडून गेलेली स्क्रीन आपल्यासमोर उभी. वामनराव पोस्टातून निवृत्त झालेले, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांची अक्षरं एवढी मोठी, की स्क्रीनवर चार ओळी मावत. पण त्या चार ओळी ते स्वतः वाचत, नातवाच्या विनवण्या करत नसत. मोंढ्याच्या बाजारातले एक कापडवाले उर्दूतून काम करत, म्हणून त्यांची सगळी मांडणी उजवीकडून सुरू होई. पार्लर चालवणाऱ्या एका बाईंनी सगळं जांभळं करून टाकलं होतं. त्याकडे पाहून माझं डोकं दुखे, पण माझ्यासाठी ते केलेलंच नव्हतं.

आणि वैशाली. ती तलाठी भरतीची तयारी करत होती. एका खोलीत सहा माणसं राहतात अशा घरातली. तिच्या स्क्रीनवर काहीच नव्हतं. पांढऱ्या भिंतीची एक रिकामी खोली, तिला एक खिडकी, असं चित्र. बाकी सगळं तिने लपवून ठेवलेलं. मी विचारलं, हे काय गं, इतकी चित्रं असताना? म्हणाली, "सर, घरी मी पुस्तक ठेवते तिथं संध्याकाळी कोणाचंतरी अंथरूण असतं. इथं मी ठेवलेलं दुसऱ्या दिवशी तसंच असतं. बाजी म्हणतात, कोणी हात नाही लावणार."

बाजींनी हे वचन नुसतं वैशालीला दिलेलं नव्हतं. सगळ्यांना दिलेलं होतं. पुढचं सगळं रामायण त्या वचनाचं.

आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष भाऊसाहेब. वाचनालयाला त्यांच्या वडिलांचं नाव आहे, दाराशी वडिलांचा अर्धपुतळा आहे, आत वडिलांचं तैलचित्र आहे आणि त्याच्या शेजारी भाऊसाहेबांचा फोटो, थोडा मोठा. पुस्तकं त्यानंतर. बाजींना कशाचाही राग आला की, "हे काय कोनाच्या बापाचं हाये?" म्हणायची सवय होती. या इमारतीत ते वाक्य जपून वापरावं लागे आणि बाजी ते जपून वापरत नसत.

भाऊसाहेब एका सकाळी अचानक आले. चारही मशिनी चालू होत्या आणि चारही वेगवेगळ्या दिसत होत्या. ते मध्ये उभे राहिले आणि म्हणाले, "हा काय बाजार मांडलाय?"

"सदस्य बसलेत भाऊसाहेब," बाजी म्हणाल्या.

"ते दिसतंय. पण एकसारखेपणा? शिस्त? कोणी पाहुणा आला तर काय दिसेल त्याला? सगळीकडे सारखं पाहिजे. समोर बाबांचा फोटो, माझा फोटो, खाली स्वागताचे दोन शब्द."

"आन् वामनरावाइले अक्षरं?"

"सगळ्यांना सारखी."

बाजींनी वाद घातला नाही. रिकाम्या झालेल्या एका मशिनवर त्यांनी भाऊसाहेबांनी सांगितलेले म्हणून दोन शब्द, नेहमीच्या अक्षरांत, टंकून दाखवले. "वाचून पाहा, बरोबर हाये का." भाऊसाहेब चष्मा लावत नाहीत. चष्म्याने चेहरा वाकडा येतो असं त्यांना कोणा फोटोग्राफरने सांगितलेलं आहे. ते वाकले, आणखी वाकले, मग सरळ झाले आणि म्हणाले, "छान आहे."

"मोठं करू?"

"सांगितलं ना, सारखं ठेवा."

टंकलेला मजकूर होता, 'वाचनालय दुपारी बंद राहील.' वामनराव शेजारी बसून हे पाहत होते. खरं म्हणजे पाहत नव्हते, पण त्यांना कळलं. ते खोकल्याच्या निमित्ताने बाहेर गेले.

फोटो काही लागला नाही. बाजींनी स्पष्टच सांगितलं, "भिंत तुमची हाये. भिंतीवर लावा, पाह्यजे तेवढे लावा. स्क्रीन जो बसला त्याची." भाऊसाहेबांनी ते मनात ठेवलं आणि आमच्याकडे मनात ठेवलेल्या गोष्टी बाहेर काढायची जागा म्हणजे समारंभ.

त्या चार जुन्या मशिनी ज्या खोलीत होत्या तिला मंडळाने 'डिजिटल वाचन कक्ष' असं नाव द्यायचं ठरवलं. कशाच्याही आधी डिजिटल लावलं की त्याचं उद्घाटन करावं लागतं. मशिनी कित्येक महिने चालू होत्या, याने काही बिघडत नव्हतं. कार्यक्रम असा ठरला की मोठे पाहुणे बाजींच्या टेबलावरच्या मशिनवर एक बटण दाबतील, की बाबांचा फोटो स्क्रीनवर फुलेल. एका दिवसापुरता फोटो ठेवायला बाजी तयार झाल्या. "पाहुना म्हनून येऊ द्या," म्हणाल्या. "एक दिवस पाहुन्याले नाई म्हनत नसतात."

पण आदल्या दिवशी भाऊसाहेबांच्या ध्यानात आलं की या मशिनचा माऊस डाव्या हाताचा आहे.

"शुभकार्य डाव्या हातानं?" ते म्हणाले. "ते उलटं केलेलं सुलट करा."

"मले ते सुलटच हाये. बाजूच्या तीन मशिनी उजव्या हाताच्या हायेत. त्यातली घ्या."

"फीत इथं बांधलीय. कॅमेरा इथं लागणार. मागं बॅनर इथं आहे."

"मंग डाव्या हातानं दाबा म्हना पाहुन्याइले. बोट झिजन थोडं."

कार्यक्रमाच्या दिवशी कोणा उत्साही माणसाने माऊस उचलून उजवीकडे ठेवला आणि प्रश्न मिटला असं समजून तो चहाच्या व्यवस्थेला गेला. जागा बदलली, पण बटणं उलटीच होती. पाहुण्यांनी भाषण केलं, फीत कापली, उजव्या हाताने माऊस धरला आणि बोट दाबलं. फोटो फुलला नाही. एक छोटी यादी उघडली. पुन्हा दाबलं, पुन्हा यादी. माईक चालूच होता. त्यातून पाहुण्यांचा आवाज सगळ्या सभागृहात गेला, "हे काय निघून राह्यलं बाई?"

भाऊसाहेब मदतीला धावले. त्यांनी दाबलं. यादी. फोटोग्राफर खोळंबला. टाळ्या वाजवायला उचललेले हात लोकांनी हळूच मांडीवर ठेवले. पाहुणे तसे साधे होते. त्यांनी वळून बाजींनाच विचारलं, "कसं करायचं?"

"डावा हात लावा साहेब."

पाहुण्यांनी माऊस डावीकडे घेतला, डाव्या हाताचं बोट ठेवलं, दाबलं आणि बाबा प्रकट झाले. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात डाव्या हाताने उद्घाटन करणारे पाहुणे आणि त्यांच्यामागे डोळे मिटलेले भाऊसाहेब, असा फोटो आला. बालाजीच्या देवळापासून बसस्टँडपर्यंत तो विषय पुरला. कोणी म्हणे अपशकुन, कोणी म्हणे बाईने मुद्दाम केलं. मी बाजींना विचारलं, "मुद्दाम केलं का हो?"

"मी सांगून सांगून थकले सर. तुमच्या गावात सांगितलेलं कोनी ऐकलं नाई की त्याले मुद्दाम म्हनतात का?"

कार्यक्रम झाल्या संध्याकाळीच त्यांनी बाबांचा फोटो काढला. पाहुणा गेला. मग वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत एक नवा विषय आला: सर्व संगणकांचे स्वरूप एकसारखे करणे व त्यात बदल करण्यास मनाई करणे.

आमच्या वार्षिक सभेला मंडळ येतं आणि चिवड्याचा वास लागलेले काही लोक येतात. त्या वर्षी खुर्च्या कमी पडल्या. परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरी-पोरं आली, कापडवाले आले, जांभळ्यावाल्या बाई पार्लर बंद ठेवून आल्या. भाऊसाहेब वाचनालयाच्या प्रतिमेवर बोलले. शिस्तीवर, येऊ घातलेल्या नव्या मशिनींवर बोलले. एक गणवेश असला की शाळा कशी शोभते, ते सांगितलं.

वामनराव उठले. "भाऊसाहेब, फोटोला माझा विरोध नाही. तो लावला काय, न लावला काय, मला दिसणार नाही. पण सारखी अक्षरं केली तर पेपरही दिसणार नाही. मग मी घरूनच आंधळा राहतो, इथवर कशाला चालत येऊ?"

लोक हसले. वैशाली उठली तेव्हा हसू थांबलं. ती एवढंच म्हणाली, "आम्हाला मशिन नको नवीन. आम्ही ठेवलेलं ठेवू द्या." आणि बसली.

बाजींना बोलायला सांगितलं. त्या उभ्या राहिल्या, लवंग एका गालातून दुसऱ्या गालात गेली. "मी लोकाइले जबान देलेली हाये, की तुमचं कोनी हलवनार नाई. मले हलवाचं असन तर हलवा. ते तुमच्या हातात हाये. ह्याइचं हलवनार नाई."

भाऊसाहेबांनी वाचनालयाची घटना काढली. मतदानाचा अधिकार फक्त आजीव सदस्यांना, असं त्यात होतं. महिन्याच्या सदस्यांनी सभेला बसावं, चिवडा घ्यावा, मत देऊ नये. आजीव सदस्यांपैकी आमच्या बाजूला वामनराव आणि मी. आम्ही हात वर केले. आमचे हात फार एकटे दिसत होते. ठराव मंजूर झाला.

"आता मुख्य पासवर्ड मंडळाकडे द्या," भाऊसाहेब म्हणाले.

बाजी फळ्यापाशी गेल्या आणि त्यांनी डाव्या हाताने, वामनरावांनाही दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत, पासवर्ड फळ्यावर लिहिला.

"अहो, सगळ्यांसमोर काय लिहिताय? ते गुप्त असतं."

"वाचनालय सार्वजनिक हाये ना? पाटीवर तसंच लिहेल हाये. गुप्त पाह्यजे असन तर उद्या बदलून घ्या."

तो बदलता मंडळातल्या कोणालाच येत नव्हता. पुढचे कित्येक दिवस त्या मशिनींचा मुख्य पासवर्ड तालुकाभर माहीत होता. त्या काळात कोणी काही मोडलं नाही, पुसलं नाही, वैशालीची खिडकी कोणी हलवली नाही. लोकांवर सोपवून दिलं तर काय अनर्थ होतो, याचं मंडळाला हवं असलेलं उदाहरण काही मिळालं नाही.

पण ठराव तो ठराव. बाजींना मंडळाने कार्यमुक्त केलं. त्यांच्या जागी भाऊसाहेबांच्या नात्यातला सुनील आला. स्वभावाने गरीब आणि स्वतःच्या नेमणुकीने ओशाळलेला. जुन्या मशिनी अडगळीत गेल्या आणि जालन्याहून चार नव्या आल्या. त्या बसवणाऱ्यानेही त्यांच्यात तीच फुकटची प्रणाली टाकली होती. फक्त तिला कुलूप घातलं होतं. सगळ्यांसाठी एकच नाव, एकच स्क्रीन. समोर भाऊसाहेब आणि बाबा. बसलेल्या माणसाने काही बदललंच, तर तो उठून गेल्यावर मशिन ते पुसून टाकी आणि पुन्हा भाऊसाहेब उगवत. जगातल्या कोणीही बदलावी म्हणून कोणीतरी मोकळी सोडलेली वस्तू आमच्या गावात आणून डांबून ठेवली, याचंही उद्घाटन झालं. या वेळी माऊस उजव्या हाताचा होता.

वैशाली दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी आली, फोटोसमोर बसली, पुस्तक उघडलं आणि स्क्रीनकडे न पाहता वाचत राहिली. वामनराव घरी बसले.

कार्यमुक्त झाल्यानंतरच्या आठवड्यात बाजी वाचनालयात आल्या, त्या सदस्यत्वाचा अर्ज घेऊन. सुनील उठून उभा राहिला. "बाजी, तुम्हाला कशाला अर्ज? बसा ना."

"कायले? मी का भाऊसाहेबाइची नातेवाईक हाये? घे, पावती कर."

त्या मशिनपुढे बसल्या. माऊस डावीकडे घेतला. बटणं उलटी केली, अक्षरं मोठी केली, पट्टी कडेला नेली आणि भाऊसाहेब घालवून तिथे साधा काळा रंग आणला. मग पेपर वाचला. उठल्या तेव्हा मशिनने सगळं विसरून भाऊसाहेब परत आणले. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं केलं.

मी म्हणालो, "बाजी, तुम्हाला हे कुलूप उघडता येत असणार. एकदाच उघडून टाका."

"येते. पन कुलूप फोडनं चोराचं काम. मी सदस्य हाये. बसल्यावर जेवढं करता येते तेवढं करन, आन् रोज करन. थांबवाचं असन तर त्याइनं तसा ठराव करावा, की खुर्चीवर बसून हात मांडीखाली ठेवा."

त्या वामनरावांच्या घरी गेल्या आणि त्यांना घेऊन आल्या. अक्षरं मोठी कशी करायची हे त्यांना माहीत होतंच, आता ते रोज करायचं होतं, एवढंच. वैशालीने आपली खिडकी पेन ड्राइव्हमध्ये आणायला सुरुवात केली. कापडवाले रोज आपली उर्दू लावत. नवे सदस्य आले की जुने त्यांना विचारत, यातलं काय आवडत नाही? हळूहळू तो रिवाजच पडला. खुर्चीत बसलं की आधी आपलं मांडायचं, मग कामाला लागायचं. भाऊसाहेबांचा फोटो भिंतीवर इतकी वर्षं होता, तिथून त्याला हलवायचा विचारही कोणाच्या मनात आला नव्हता. आता त्याला कुलूप लावून स्क्रीनवर बसवल्यापासून गावातली माणसं दिवसभर एकामागून एक येत आणि सगळ्यांत आधी त्याला घालवत. सुनीलला हे दिसे. त्याने वर कळवलं नाही. एकदा मी पाहिलं, तोही आपल्या मशिनवर पिवळं काहीतरी लावून बसला होता.

मी आता मुलाकडे पुण्याला राहतो. निघायच्या दिवशी जालन्याच्या गाडीला वेळ होता म्हणून सकाळी वाचनालयात डोकावलो. बाजी मशिनपुढे होत्या. शेजारी वैशाली. परीक्षेत ती थोडक्यात राहिली होती आणि पुन्हा तयारीला लागली होती. दुसऱ्या बाजूला वामनराव. बाजींचं सगळं मांडून झालं होतं. पेपर उघडला, पहिला मथळा वाचला आणि लाइट गेली. इन्व्हर्टर नव्या मशिनींबरोबर आला होता, पण तो त्या आठवड्यात दुरुस्तीला होता. चारही स्क्रीन मेल्या. बाजींनी ओढणीच्या टोकाने वारा घेतला.

लाइट आली. मशिनी एकेक करून उठल्या आणि खोलीत चारी बाजूंनी भाऊसाहेब हसू लागले.

बाजींनी बटणं उलटी करायला घेतली. सुनील टेबलावरून म्हणाला, "बाजी, राहू द्या आता. पेपर वाचून घ्या तसाच. पुन्हा जाईल लाइट."

"जाऊ दे," मान न वळवता बाजी म्हणाल्या. "आपन कुठं जाऊन राह्यलो?"

शेजारी वैशालीने पेन ड्राइव्ह लावला. मी पिशवी उचलली. दारातून मागे वळून पाहिलं तेव्हा बाजी, वैशाली आणि टेबलावरचा सुनील, तिघांच्या स्क्रीनवरून भाऊसाहेब गेलेले होते आणि चौथ्या खुर्चीवर वामनराव, नाक काचेला टेकवून, तो बाण शोधत होते.